दृक्-कारक समन्वय

डोळ्यांना दिसणारे दृश्य आणि शरीराची स्वतःची हालचाल यांची मेंदूत घातली जाणारी सांगड. वस्तू किती लांब, कोणत्या बाजूला आणि किती खोल आहे याची जाण, म्हणजेच अवकाशबोध, बऱ्याच अंशी या सांगडीतून घडतो.

याचा प्रसिद्ध पुरावा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हेल्ड व ॲलन हाइन यांच्या १९६३ च्या प्रयोगातून मिळाला. अंधारात वाढवलेल्या मांजरीच्या पिलांच्या जोड्यांना रोज ३ तास उभे पट्टे असलेल्या गोल पिंपात ठेवले जाई. फिरत्या दांड्याच्या एका टोकाला जुंपलेले पिलू आपल्या पायांनी चाले. दुसऱ्या टोकाच्या पेटीत बसलेले नुसते वाहून नेले जाई. दोघांना दिसे जवळपास सारखेच. तरीही चालणारे पिलू टेबलाच्या कडेशी नेताच पंजे पुढे करी, काचेच्या फळीवर सोडल्यास काचेखाली खोल भासणारी बाजू टाळी. पेटीतल्याला हे जमत नसे. उजेडात दोन दिवस मोकळे बागडल्यावर मात्र तेही शिकले.

प्रौढ माणसांतही दृश्य आणि हालचाल यांची ही जुळणी बदलू शकते. दृश्य बाजूला सरकवणारा लोलकाचा चष्मा घालून चेंडू फेकला, की नेम चुकतो. काही फेकींनंतर तो सुधारतो आणि चष्मा काढताच उलट बाजूला चुकतो. या जुळवणुकीत अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) मोठा वाटा असतो. मेंदूच्या आघातानंतर डाव्या बाजूचे भान हरपलेल्या रुग्णांच्या उपचारातही असे चष्मे वापरले जातात.