विस्तृतकोनी लेन्सचे दृष्टिदोष आणि छायाचित्ररूपी इतिहाससाधने : झाडीपट्टीच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

गोंदिया तालुक्यातील कामठा हे पूर्वीच्या जमीनदारीचे गाव झाडीपट्टीच्या सांस्कृतिक प्रदेशात मोडते. धानाचा हंगाम आटोपत आला की या प्रदेशात दंडार, खडी गंमत व नाटक यांचे प्रयोग रात्रभर रंगतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीमुळे या रंगभूमीकडे देशाचे लक्ष वेधले गेले. तिचा बराचसा इतिहास मौखिक असल्याने जुनी छायाचित्रे हे मोलाचे साधन ठरते. मात्र रात्रीचा अपुरा उजेड आणि मंडपातील अपुरी जागा यांमुळे अशा प्रसंगी मोठ्या छिद्राची, म्हणजेच ‘फास्ट’ विस्तृतकोनी लेन्स सोयीची असते. तिचे गुणदोष न जाणता छायाचित्र वाचल्यास लेन्सचा दोष हाच इतिहास समजला जाण्याचा धोका संभवतो. प्रस्तुत लेखाचा उद्देश हा धोका स्पष्ट करणे हा आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्याच दशकात जर्मन गणितज्ञ झायडेल यांनी गोलीय विपथन, कोमा, बिंदुविषमता, क्षेत्रवक्रता व विकृती या पाच दोषांची गणिती मांडणी केली. दादासाहेब फाळके यांचा १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ सूर्यप्रकाशावर अवलंबून होता. रात्रीचे चित्रण सुलभ होण्यास संवेदनशील फिल्म व मोठ्या छिद्राची लेन्स या दोहोंची गरज होती.

एकभिंगी प्रतिबिंब कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे हलणारा आरसा असल्याने विस्तृतकोनी लेन्स फिल्मजवळ बसविता येत नसे. फ्रान्सच्या अँजेनियू यांनी १९५० मध्ये ३५ मि.मी. एफ/२.५ ची ‘रेट्रोफोकस’ लेन्स आणून हा प्रश्न सोडविला. परंतु या असममित रचनेत जवळच्या अंतरावर कडांची स्पष्टता ढासळे. त्यावर निकॉनने १९६७ मधील २४ मि.मी. एफ/२.८ लेन्समध्ये फोकस करताना भिंगगटांमधील अंतर बदलण्याची योजना केली. कॅननने १९७५ मध्ये २४ मि.मी. एफ/१.४ लेन्समध्ये अगोलीय भिंग वापरले. अशा प्रकारे प्रत्येक सुधारणा विशिष्ट दोषाला दिलेले उत्तर होते; तथापि सर्व दोष एकाच वेळी नाहीसे करणे शक्य झाले नाही.

दोषांचे स्वरूप व त्यांचे वाचन

पूर्ण उघड्या छिद्रावर कोपऱ्यातील दिवे कोमामुळे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे दिसतात. ती मंडपाची सजावट नव्हे. क्षेत्रवक्रतेमुळे एका ओळीत उभ्या असलेल्या नटांपैकी मधले स्पष्ट व टोकाचे अस्पष्ट येतात. त्यावरून टोकाचे नट मागे उभे होते असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. साध्या रचनेच्या लेन्समध्ये कडेचा प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चतुर्थ घाताने घटतो. ३५ मि.मी. फिल्मवर २४ मि.मी. लेन्सचा कोपरा अक्षापासून सुमारे ४२ अंशांवर येतो. तेथे मध्याच्या सुमारे ३० टक्केच प्रकाश उरतो. रेट्रोफोकस रचनेत ही घट काहीशी कमी होते, पण मोठ्या छिद्रावर लेन्सच्या नळीची सावली तीत भर घालते. म्हणून काळोखे कोपरे पाहून ‘प्रेक्षक तुरळक होते’ असे लिहिणे धाडसाचे होय.

लेन्स हाताने फोकस करताना आणखी एक अडचण संभवते. गोलीय विपथन असलेल्या लेन्सवर पूर्ण छिद्राने फोकस करून नंतर छिद्र लहान केले, तर स्पष्टतेचे प्रतल किंचित सरकते. त्यामुळे छायाचित्रात जे सर्वांत स्पष्ट आहे तेच छायाचित्रकाराला महत्त्वाचे वाटले होते, हा तर्क नेहमी टिकत नाही.

छिद्र लहान केल्याने कोमा व काळोखे कोपरे कमी होतात. परंतु कडेचा ताण कमी होत नाही. २४ मि.मी. लेन्सच्या आडव्या चौकटीत अगदी कडेला आलेला चेहरा सुमारे सव्वापट रुंद दिसतो. हा वस्तुतः लेन्सचा दोष नसून सपाट पृष्ठावरील प्रक्षेपणाचा परिणाम आहे. चेहऱ्याच्या ठेवणीवरून नटाची ओळख पटविताना याचे भान आवश्यक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून छायाचित्र अविश्वसनीय ठरत नाही. कागदपत्राप्रमाणे त्याचीही अंतर्गत चिकित्सा करावी लागते, इतकेच सिद्ध होते. एकाच बाजूला काळोखी असेल तर प्रत कापलेली असण्याची शक्यता तपासावी. शक्य तेथे मूळ निगेटिव्ह पाहावी, छायाचित्रकाराकडून लेन्स व छिद्राची माहिती नोंदवावी आणि त्याच प्रसंगाच्या दुसऱ्या छायाचित्राशी तुलना करावी. गावोगावच्या महाविद्यालयांनी संकलनाच्या वेळीच ही नोंद ठेवली, तर झाडीपट्टीच्या कलावंतांचा इतिहास अधिक विश्वसनीय पायावर उभा राहील. जुने छायाचित्रकार हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकते.