घंटांमागील धर्मभगिनी

गाजलेल्या चित्रपटाचा उत्तरभाग म्हणजे जुन्या पुण्याईवरची उपजीविका, असे आपण सहसा मानतो. लिओ मॅकेरी यांचा 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज' हा चित्रपट मात्र त्यास अपवाद आहे, असे आम्हांस वाटते.

मॅकेरी यांच्या 'गोइंग माय वे' (१९४४) ह्या चित्रपटास ७ ऑस्कर पारितोषिके लाभली. फादर ओमॅली साकारणारे बिंग क्रॉस्बी सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. १९४५ च्या मार्चमध्ये हा समारंभ झाला तेव्हा उत्तरभागाचे चित्रीकरण चालूच होते. त्यात सिस्टर मेरी बेनेडिक्ट झालेल्या इन्ग्रिड बर्गमन यांनाही त्याच रात्री 'गॅसलाइट'साठी पारितोषिक मिळाले.

तथापि ह्या उत्तरभागाचे मूळ पारितोषिकांत नाही. सिस्टर मेरी बेनेडिक्ट हे मॅकेरी यांच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या धर्मभगिनीचे नाव. तिचे निधन विषमज्वराने झाले. पडद्यावरील सिस्टरला क्षय जडतो.

आयत्या वेळी सुचेल ते टिपून घेण्याची मॅकेरी यांची हातोटी मूकपटांच्या काळापासूनची. बालवर्गाच्या नाताळ नाटुकल्यात ती विशेष प्रत्ययास येते. मुले आपल्याच बोबड्या शब्दांत गोठ्याची कथा सांगतात आणि अखेरीस बाळ येशूसाठी चक्क वाढदिवसाचे गाणे म्हणतात! हा चित्रपट १९४५ च्या डिसेंबरात, महायुद्धानंतरच्या पहिल्या नाताळात प्रदर्शित झाला.

त्याची स्मृती इतर चित्रपटांनीही जपली. फ्रँक काप्रा यांच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) मध्ये नायक नाताळच्या आदल्या रात्री बर्फातून धावतो, तेव्हा वाटेवरील चित्रपटगृहावर ह्याच चित्रपटाची पाटी झळकते. नायकाला वाचविणारा देवदूत झालेले हेन्री ट्रॅव्हर्स हे 'बेल्स'मध्ये शाळेला अखेर आपली इमारत देऊन टाकणारे धनिक होते.

परंतु चित्रपटाचा प्राण ह्या योगायोगांत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सिस्टरपासून तिचा आजार लपविला जातो. फादरांशी झालेल्या मतभेदांमुळेच आपली बदली झाली, असे समजून ती मुकाट्याने निघते. निरोपाच्या क्षणी सत्य कळते आणि तिचा चेहरा उजळतो. आजाराचे भय तिला नाही. आपण नकोशा झालो नव्हतो, एवढेच तिला पुरते. आज्ञापालनाच्या व्रतामागे दडलेले मानवी दुःख मॅकेरी यांनी येथे ओळखले आहे. ज्या धर्मभगिनीचे नाव त्यांनी पडद्यावर आणले, तिचे ऋण ह्याहून चांगल्या रीतीने फेडता आले नसते.