आंबट पूर्वेचे, तिखट पश्चिमेचे

राज्ये कोणी जिंकली आणि तह कोठे झाले याच्या नोंदी पुष्कळ सापडतात. परंतु एका मुलखातली मिरची दुसऱ्या मुलखाच्या पाट्यावर कशी येऊन पडली, याची नोंद सहसा कोणी करून ठेवीत नाही. स्वयंपाकाचा इतिहास शोधणाऱ्याला म्हणून बियांचा, शब्दांचा आणि भांड्यांचा माग काढीत जावे लागते. असाच एक माग मी येथे काढणार आहे. पदार्थ अगदी लहान, एका घासाचा आहे. लिंबाच्या रसात मुरलेली, मिरचीने चरचरीत झालेली मासळी किंवा कोळंबी, आणि ती धरून ठेवायला एक कुरकुरीत कवच. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात अशा मासळीला ‘सेविचे’ म्हणतात, आणि मेक्सिकोत ती ज्या खमंग कवचावर वाढतात त्याला ‘तोस्तादा’ असे नाव आहे.

आपल्या पाककृतींच्या वर्गात हा पदार्थ करून दाखवावा असे मी सुचविले, तेव्हा “हे परकीय चोचले आपल्याकडे कशाला?” असा प्रश्न एका वडीलधाऱ्या भगिनींनी विचारला. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. या घासात आपले काय आणि परक्यांचे काय, हे पाहू गेल्यास मोठी मौज आढळते.

प्रथम तिखट घेऊ. मिरचीचे माहेर अमेरिका खंड. तेथील लोक ती हजारो वर्षांपासून पिकवीत आले. कोलंबस १४९२ साली त्या बाजूस पोहोचला तो मिऱ्यांच्या शोधात. मिरे काही त्याला मिळाले नाहीत. मिळाली ती मिरची. जानेवारी १४९३ मधील त्याच्या रोजनिशीत तिचा उल्लेख आहे, आणि ही मिऱ्यांहूनही सरस आहे असा अभिप्रायही त्याने दिला आहे. स्पॅनिश लोकांनी तिला मिऱ्याच्याच नावावरून ‘पिमिएन्तो’ म्हटले. गंमत अशी की, पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात ती गोव्याच्या बाजूने आपल्याकडे उतरली, तेव्हा आपणही तेच केले. मिऱ्यावरून आपण तिला मिरची म्हणू लागलो. त्यापूर्वी आपल्या आमटीभाजीचे तिखट मिरे, पिंपळी आणि सुंठ यांवरच भागत असे.

पेरूमध्ये मिरचीला केवढा मान होता, हे गार्सिलासो दे ला वेगा या लेखकाच्या १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून कळते. त्याचा बाप स्पॅनिश सरदार, आणि आई इंका राजघराण्यातील. आईच्या माणसांकडून ऐकलेले पुष्कळ त्याने लिहून ठेवले आहे. मिरचीवाचून तेथील लोक काही खात नसत, असे तो सांगतो. आणि कडक उपवास करावयाचा झाला म्हणजे ते मिरची सोडीत! आपल्याकडे उपवासाच्या खिचडीत हिरवी मिरची खुशाल चालते. म्हणजे माहेरी उपवासाला वर्ज्य आणि सासरी ग्राह्य, असा तिचा संसार आहे.

आता आंबट. लिंबू, संत्रे, नारिंग या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसाम, ब्रह्मदेशाचा उत्तर भाग आणि चीनचा युनान प्रांत या पट्ट्यात आहे, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. तेथून ही फळे पश्चिमेकडे निघाली. संस्कृतातील ‘नारंग’ इराणमार्गे अरबांकडे जाऊन ‘नारंज’ झाला आणि स्पेनमध्ये पोहोचून ‘नारांखा’ झाला. अरबांनीच तेथे नारिंगांच्या आणि लिंबांच्या बागा लावल्या. पुढे १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला, तेव्हा वाटेतल्या कॅनरी बेटांवरून त्याने नारिंगाच्या आणि लिंबाच्या बिया बरोबर घेतल्या. त्या पलीकडच्या मातीत रुजल्या. आज पेरूमध्ये सेविचेवर जे लहान, पातळ सालीचे, रसाळ लिंबू पिळतात, ते आपले कागदी लिंबूच होय. वनस्पतिशास्त्रात दोघांचे नाव एकच आहे.

पेरूच्या किनाऱ्यावर ही दोन्ही बिऱ्हाडे एकत्र आली. स्पॅनिशांनी १५३२ पासून तो मुलूख घ्यावयास आरंभ केला आणि १५३५ साली लिमा शहर वसविले. मासळी व मिरची तेथील कोळ्यांची. नारिंग, लिंबू आणि कांदा नव्याने आलेला. ‘सेविचे’ हा शब्द ‘सिकबाज’ या अरबी शब्दावरून आला असावा असे स्पॅनिश कोशकार मानतात. हा सिरक्यात शिजविलेल्या मांसाचा एक जुना प्रकार. लिमाचा लेखक मान्युएल आतानासिओ फुएन्तेस याने १८६७ साली आपल्या शहराचे वर्णन लिहिताना या पदार्थाची कृती दिली आहे. मासळीचे किंवा कोळंबीचे बारीक तुकडे आंबट नारिंगाच्या रसात भरपूर मिरची आणि मीठ घालून काही तास ठेवावेत, म्हणजे ते जणू शिजल्यासारखे होतात, असे तो सांगतो. हे खरे आहे. आंबट रसाने मासळीतील प्रथिने गोठतात, तुकडा अपारदर्शक आणि घट्ट होतो. पुढे नारिंगाची जागा लिंबाने घेतली. १८९९ पासून पेरूमध्ये जपानी मजूर येऊन स्थायिक झाले. ताजी मासळी कच्ची खाण्याची सवय असलेल्या त्यांच्या स्वयंपाक्यांनी मुरविण्याचा वेळ तासांवरून मिनिटांवर आणला, असे सांगतात.

परंतु आंबटाने मासळी शिजल्यासारखी दिसली तरी ती खरोखर शिजत नाही, ही गोष्ट आपण गृहिणींनी पक्की ध्यानात ठेवावी. जानेवारी १९९१ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर पटकीची साथ उसळली. त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे तीन हजार दगावली. संशय तत्काळ सेविचेवर आला. लोकांनी मासळी घेणे बंद केले. कोळ्यांच्या आणि रस्त्यावर सेविचे विकून पोट भरणाऱ्यांच्या चुली थंडावल्या. आरोग्यखाते कच्ची मासळी खाऊ नका म्हणत असता, राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी दूरचित्रवाणीवर ती खाऊन दाखविली! पुढे तपास झाला तेव्हा शहरांतून रोग पसरविण्याचे मुख्य काम दूषित पिण्याच्या पाण्याने केल्याचे आढळले. पटकीच्या जंतूला आम्ल सोसत नाही. लिंबाच्या रसात तो तग धरीत नाही. पण मासळीतील काही कृमी आणि इतर जंतू लिंबाला दाद देत नाहीत. म्हणून सगळा दोष लिंबा-मासळीवर टाकणे जितके चूक, तितकेच त्यावर डोळे मिटून विश्वासणेही चूक. पाण्याचे नळ ज्यांनी नीट ठेवावयाचे त्यांची हयगय गरिबाच्या ताटलीच्या माथी कशी मारली जाते, याचे ते एक मोठे उदाहरण आहे.

आता कवचाकडे वळू. पेरूमध्ये सेविचे ताटलीत घेऊन उकडलेल्या रताळ्याबरोबर आणि मक्याच्या दाण्यांबरोबर खातात. ते कुरकुरीत कवचावर बसले मेक्सिकोत. तेथे मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, वाटून त्याच्या भाकरी करतात. चुन्याने मक्याची साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यातील एक जीवनसत्त्व अंगी लागते. मका युरोपात नेणाऱ्यांनी ही चुन्याची युक्ती मात्र नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या तेथील गरिबांत ‘पेलाग्रा’ नावाचा रोग पसरला. मेक्सिकोतल्या आज्यांना जे ठाऊक होते ते विद्वानांना कळावयास विसावे शतक उजाडले.

हे वाटण होई तीन पायांच्या दगडी पाट्यावर, गुडघे टेकून. पहाटे उठून रोज कित्येक तास बाईने वाटावे तेव्हा घरची जेवणे होत. असल्या कष्टाची भाकर शिळी झाली म्हणून कोण टाकून देईल? ती वाळवून, भाजून कडक करण्याची रीत फार जुनी आहे. स्पॅनिशांनी डुकरे आणि त्यांची चरबी आणल्यावर ती तळूही लागले. हीच तोस्तादा. विसाव्या शतकात वाटणाच्या गिरण्या गावोगाव निघाल्या, तेव्हा बायका आळशी होतील म्हणून कित्येक पुरुषांनी नाके मुरडली. १९३४ ते १९४० या कार्देनास यांच्या राजवटीत मात्र अनेक गावांतील स्त्रियांच्या संघांनी स्वतःच गिरण्या चालविल्या. एखाद्या महिला मंडळाचे काम काय असावे, हे त्या बायकांना बरोबर समजले होते असे मला वाटते.

एका घासाएवढ्या कवचाची कथाही अशीच. लॉस एंजेलिस शहरात रिबेका वेब करान्सा ही मेक्सिकन वंशाची बाई पतीसह मक्याच्या भाकरींचा कारखाना चालवीत असे. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी यंत्र घेतले. यंत्रातून वेड्यावाकड्या निघालेल्या भाकरी बाद होत. त्या फेकवेनात म्हणून तिने घरच्या एका समारंभासाठी त्यांचे त्रिकोणी तुकडे कापून तळले. ते इतके आवडले की पुढे पुड्या भरून त्यांची विक्री सुरू झाली, आणि काही काळाने तो कारखान्याचा मुख्य धंदाच झाला. आज जगभर तशा तुकड्यांच्या पुड्या विकल्या जातात.

तेव्हा या घासाचा हिशेब असा लागतो: लिंबू आपल्या बाजूचे, मिरची त्यांच्या बाजूची, कवच बायकांच्या काटकसरीचे. आणि परकीयच म्हणावयाचे तर आपल्या एकादशीच्या खिचडीपासून आरंभ करावा लागेल. कारण साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची ही चारही अमेरिकेची लेकरे आहेत. ज्या वस्तूसाठी घरच्या बाईने पिढ्यान् पिढ्या हात झिजविले ती वस्तू त्या घरची झाली, असे मी समजते.

आपल्या हवेला सोसेल अशी माझी कृती देते. वीस-पंचवीस कोळंबी सोलून, पाठीवरील काळा दोरा काढून, मिठाच्या उकळत्या पाण्यात ती गुलाबी होऊन आतपर्यंत पांढरी होईतो शिजवावीत. दोन-तीन मिनिटे पुरतात. निथळून, निवल्यावर बारीक तुकडे करावेत. दोन कागदी लिंबांचा रस, दोन हिरव्या मिरच्या अगदी बारीक चिरून, मिठाच्या पाण्यात धुतलेला पातळ कांदा, कोथिंबीर आणि मीठ घालून पाव तास थंड जागी ठेवावे. कवचासाठी मक्याचे पीठ व मैदा समभाग घेऊन, मोहन घालून घट्ट भिजवावे. पातळ लाटून, टोचे मारून, तेलाचा हात लावलेल्या लहान वाटीवर बाहेरून दाबावे व वाटीसकट तळावे. तळता तळता कटोरी आपोआप सुटते. मासळी न खाणाऱ्या भगिनींनी काकडी आणि उकडलेले मक्याचे दाणे घालावेत. सारण मात्र खाण्याच्या क्षणीच भरावे, नाहीतर कवच मऊ पडून सारी मेहनत वाया जाते.

२०२३ साली युनेस्कोने पेरूचे सेविचे मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदविले. परंपरागत खानावळींतून ते करणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात, असे त्या नोंदीत म्हटले आहे. त्यांची नावे मात्र कोठे नाहीत. करान्साबाईंसारखे एखादेच नाव टिकते. आपल्याही घरोघरी असे पदार्थ आहेत, कोणी आजीकडून आलेले, कोणी शेजारणीकडून शिकलेले. पुढच्या स्मरणिकेत प्रत्येकीने असा एकेक पदार्थ लिहावा, आणि तो कोणाच्या हातचा हे कृतीच्या आधी लिहावे, एवढी विनंती करून ही लेखणी खाली ठेवते.