प्रौढ वयातील एडीएचडीचे निदान : कोपर-ठाणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

ठाणे येथील मनोरुग्णालयाची स्थापना १९०१ साली झाली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधील व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराच्या, म्हणजेच एडीएचडीच्या, इतिहासात ही व्याख्याने महत्त्वाची मानली जातात. या दोन घटनांचा परस्परसंबंध नव्हता. परंतु कोपरसारख्या उपनगरातील प्रौढ व्यक्तीपुढे निदानाच्या वाटेवर ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांची मुळे या दोन्ही ठिकाणी शोधावी लागतात.

प्रथम संकल्पनेचा विचार करू. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या निदानपुस्तिकेत या विकाराचे नावच बाल्यावस्थेशी जोडलेले होते. १९८० च्या आवृत्तीत चंचलतेऐवजी अवधानाला प्राधान्य मिळाले आणि प्रौढांसाठी 'अवशिष्ट' असा प्रकार आला. म्हणजे प्रौढाच्या वाट्याला उरलेसुरलेच आले. १९९४ मध्ये काही लक्षणे वयाच्या सातव्या वर्षापूर्वी दिसलेली असावीत, अशी अट होती. २०१३ मध्ये ही मर्यादा बारा वर्षांवर नेण्यात आली व सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी ठरली. अट सैल झाली, पण बालपणाचा पुरावा मागणे काही थांबले नाही.

हा पुरावा आणायचा कोठून? कोपर-डोंबिवली परिसरातील अनेक कुटुंबे कोकणातून, घाटावरून वा खानदेशातून येथे स्थायिक झालेली आहेत. दहावीची गुणपत्रिका जपून ठेवलेली असते. परंतु तीत केवळ गुण असतात. 'वर्गात लक्ष नसते' हा शिक्षकांचा शेरा ज्या प्रगतिपुस्तकात असतो, ते क्वचितच टिकते. आईच्या आठवणीत मुलगा 'हूड', 'धांदरट' वा 'वेंधळा' असतो. हे शब्द स्वभावाचे आहेत, आजाराचे नव्हेत. आणि खाली मान घालून बसलेल्या, मनाने दूर गेलेल्या मुलीसाठी तर तेवढेही शब्द वापरले गेले नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्यानंतर शाळांत तपासणीचा विचार रुजू लागला. त्यापूर्वी शाळा सोडलेल्या पिढीला 'आळशी' हेच निदान मिळाले, असे म्हणावे लागेल.

दुसरी अडचण संस्थेच्या स्मृतीची आहे. १९१२ च्या कायद्याखाली रुग्णाला मनोरुग्णालयात दाखल करण्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश हा एक प्रमुख मार्ग होता. 'ठाण्याला पाठवणे' हा वाक्प्रयोग या भागात आजही थट्टेने वापरला जातो, आणि नोकरी सांभाळणारा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी त्या थट्टेचाच विचार करतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' या संस्थेने दाखल होण्याविना सल्ला घेण्याची वाट रुळवली, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

तरीही अंतर उरतेच. कोपरला धीम्या लोकल थांबतात. दिवा, मुंब्रा, कळवा ओलांडून ठाणे गाठावे लागते. बाह्यरुग्ण विभागाची सकाळची वेळ ही कामावर जाण्याचीही वेळ असते. प्रौढाचे निदान दीर्घ मुलाखतीवाचून होत नाही, म्हणून पुन्हा यावे लागते. आणि दिलेली तारीख विसरणे हे तर या विकाराचेच लक्षण! अनेकदा रुग्ण नैराश्याची वा चिंतेची तक्रार घेऊन येतो, तिच्यावर उपचार होतात आणि मूळ प्रश्न विचारलाच जात नाही.

निदानानंतरचा मार्गही अरुंद आहे. मिथाइलफेनिडेट हे औषध अनुसूची 'एक्स'मध्ये असल्याने त्याच्या विक्रीस वेगळा परवाना लागतो व चिठ्ठीची एक प्रत औषधविक्रेत्याला जपून ठेवावी लागते. साहजिकच प्रत्येक दुकानदार ते ठेवत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे एवढा खटाटोप करून मिळवलेला कागद कार्यालयात कोणत्या नियमाखाली दाखवायचा, हे त्या कर्मचाऱ्याला कोणी सांगू शकत नाही.