वाटीभर आम्रखंडाचा हिशोब

मागच्या मे महिन्यात लॅपटॉप घेऊन रत्नागिरीला आजीकडे गेलो होतो. सोबत पुण्याहून नेलेला छोटा वजनकाटाही होता. आजीने आम्रखंड वाढलं तेव्हा मी वाटी काट्यावर ठेवली आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये आकडा टाकला. १५० ग्रॅम, साधारण २८५ कॅलरी. दिवसाचं टार्गेट १६००.

"सोनं मोजतोस की काय रे?" आजी म्हणाली.

मी तिला कॅलरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माणसाला किती पुरतं, ते कळतं ना यात?"

मी म्हटलं, "नाही गं, किती जास्त होतं ते कळतं."

त्या रात्री सहज वाचत बसलो आणि लक्षात आलं, की आजीचं बरोबर होतं. कॅलरीचा इतिहास तिच्या प्रश्नापासूनच सुरू होतो.

१८९०च्या दशकात अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर या शास्त्रज्ञाने माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याने काय खाल्लं आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता बाहेर पडली, याचा ताळेबंद मांडला. प्रथिनं आणि कर्बोदकांच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धाला ९, हे आजही पाकिटांमागे दिसणारे आकडे त्याच्या कामातून आले. त्याला कोणाला बारीक करायचं नव्हतं. कामगाराने कमी पैशांत जास्त ताकद देणारं अन्न कसं निवडावं, हा त्याचा प्रश्न होता. तो उलटा झाला १९१८ साली. लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंनी वजन कमी करण्यावर पुस्तक लिहिलं आणि वाचकांना पावाचा तुकडा न म्हणता शंभर कॅलरींचा पाव म्हणायला शिकवलं. माझं अ‍ॅप या बाईंचं वारसदार.

आपल्याकडे मात्र आकडा बराच काळ पहिल्याच प्रश्नाला चिकटून राहिला. त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये हजारो लोक सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडत, माती वाहत होते. तेव्हा खर्च कमी करण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य येईल एवढे पैसे आणि वर किरकोळ काही. १८७७च्या सुरुवातीला मजुरांनी कामं सोडून याचा निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

तेव्हा अन्न कॅलरीत मोजत नसत. आज मोजता येतं. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारी धरली तर १६००च्या जरा आत.

हा आकडा बघून मी मोबाइल खाली ठेवला. खडी फोडणाऱ्या माणसाला जेवढ्यावर जगायला सांगितलं आणि ज्याविरुद्ध त्याने काम सोडलं, तेवढंच मी दिवसभर खुर्चीत बसून स्वतःहून, अ‍ॅपच्या सांगण्यावरून, खात होतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत हे मला कळतं. मला नको असेल तेव्हा मी थांबू शकतो. फरक तेवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

पुढे तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. ती संस्था १९५८ साली हैदराबादला गेली, आणि आज तिला आपण राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखतो. मग १९७१ साली पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास छापला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवून देईल एवढा खर्चही ज्याला परवडत नाही, तो गरीब. १९६०-६१च्या आकडेवारीवरून त्यांना दिसलं, की खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली आहेत.

हे मी आजीला सकाळी सांगितलं. साठच्या दशकात ती तरुण होती. ती म्हणाली, "रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकऱ्या. दारात हापूस होता, पण तो पेटीत भरून मुंबईला जायचा. आम्ही रायवळ खायचो नाहीतर डागी. पोरांना फोडी, मला कोय." मग जरा थांबून, "कोयीला पण खूप असतं हो चिकटलेलं."

तिच्या घरी श्रीखंड वर्षातून एखाद्या सणाला व्हायचं. पदार्थ तसा जुना. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात दही-साखरेची शिखरिणी आहे. पण राजाच्या ग्रंथात असलेला पदार्थ आजीच्या वाटीत यायला दूध आणि साखर दोन्ही लागतात, आणि तेव्हा दोन्ही जपून वापरायच्या वस्तू होत्या.

आता मूळ प्रश्न. आम्रखंड खायचं की नाही? मी माझ्या वाटीचा हिशोब सुटा करून पाहिला. ६० ग्रॅम चक्का, सुमारे ९० कॅलरी. ५० ग्रॅम आमरस, जेमतेम ३५. आणि ४० ग्रॅम साखर, १६०. अर्ध्याहून जास्त कॅलरी साखरेच्या, आणि आपण दोष देतो आंब्याला. बाजारातलं श्रीखंडही फार वेगळं नसतं. नियमानुसार त्याच्या कोरड्या वजनात साखर ७२.५ टक्क्यांपर्यंत चालते.

दुसऱ्या दिवशी आजीने माझ्यासाठी वेगळं केलं. आढीतला पूर्ण पिकलेला हापूस, घरचा चक्का, दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ. १६५ कॅलरी. थोडं आंबटसर, पण आंबा जास्त लागत होता. आजीला ते आवडलं नाही. तिने स्वतःच्या वाटीत वरून साखर घालून घेतली, आणि मी काही बोललो नाही. चाळीस वर्षं कोय चोखलेल्या बाईला साखरेचं गणित सांगायची माझी हिंमत नव्हती.

अ‍ॅप मी काढून टाकलेलं नाही. माझं वजन खरोखरच जास्त आहे आणि मोजल्याचा उपयोग होतो. फक्त आता रात्री आकडा बघताना आजीचा प्रश्न आधी विचारतो: पुरलं का? मग दुसरा.

निघताना तिने पिशवीत सहा आंबे आणि चक्क्याचा डबा भरला. वजनकाटा मात्र पिशवीत नव्हता. फोन केला तर म्हणाली, "ठेवून घेतला हो. लोणच्याचं मीठ मोजायला बरा आहे."