पितृपक्ष आणि आपली क्षमावाणी

दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला संपते. मध्ये पौर्णिमा जाते आणि दुसऱ्या दिवशी आपली क्षमावाणी येते. आपण मंदिरात एकमेकींचे हात धरून 'उत्तम क्षमा' म्हणतो, आणि त्याच दिवशी शेजारच्या घरी पितृपक्षातली प्रतिपदा असते. आपल्या बालाघाटात तर या पंधरवड्याची नावेही दोन. मराठी दिनदर्शिका भाद्रपद वद्य म्हणते, हिंदी पंचांग आश्विन कृष्ण म्हणते. एकाचा महिना अमावास्येला संपतो, दुसऱ्याचा पौर्णिमेला, एवढाच फरक. १८६७ मध्ये हा जिल्हा झाला, १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती, मग भोपाळ झाली. त्यामुळे एकाच गल्लीत दोन पंचांगे सुखाने नांदतात.

सर्वपित्री अमावास्येला वैनगंगेवर लोक तर्पणाला जातात, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ जणी विचारतात, 'आपल्यात हे का नाही?' सुनांना तर हा प्रश्न फारच पडतो, कारण त्यांच्या मैत्रिणींच्या घरी खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळा साग्रसंगीत बेत असतो. याचे उत्तर 'आपल्या धर्मात नाही' एवढ्यावर संपू नये.

हिंदू समजुतीप्रमाणे माणूस गेला की तो लगेच पितर होत नाही. दहा दिवसांच्या पिंडांनी त्याला नवा देह मिळतो, आणि सपिंडीकरण झाले की तो पितरांच्या पंक्तीत बसतो. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह घेतात. आपल्याकडे या मधल्या मुक्कामाला जागाच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात विग्रहगती सांगितली आहे. देह सुटला की जीव फार तर चार समयांत पुढच्या जन्माला पोचतो, आणि समय म्हणजे काळाचा सगळ्यात लहान तुकडा. म्हणजे आपण रडायला सुरुवात करतो तोवर तो दुसरीकडे जन्मलासुद्धा! मग पिंड कोणाला द्यायचा? शिवाय कर्म ज्याचे त्यानेच भोगायचे. मुलाने दिलेले वडिलांच्या खात्यात जमा होत नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात गर्भापासून निर्वाणापर्यंत ५३ क्रिया सांगितल्या. हिंदू संस्कारांशी मिळत्याजुळत्या अशा त्यांत बऱ्याच आहेत, पण श्राद्ध नाही. ते त्यांनी जाणून वगळले, असे मला वाटते.

सिद्धांत असा स्पष्ट आहे, पण माणसाचे मन एवढे स्पष्ट नसते. गुजरात-राजस्थानातल्या मध्ययुगीन जिनप्रतिमांच्या पाठीमागचे लेख पाहा. 'आईवडिलांच्या श्रेयासाठी ही प्रतिमा केली' अशा अर्थाची वाक्ये त्यांवर जागोजागी सापडतात. अबूवर तेजपालाने तेराव्या शतकात बांधलेले लूणवसही मंदिर त्याच्या गेलेल्या भावाच्या, लूणिगाच्या, नावाने ओळखले जाते. पिंड दिला नाही, पण नाव दगडात कोरले. मेलेल्या माणसासाठी काहीतरी करावे ही ओढ जैनालाही सुटली नाही.

आता बायांची गोष्ट. पितृपक्षातली नवमी ती अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींची ही तिथी. सवाष्ण बोलावून जेवू घालतात, ओटी भरतात. प्रेमाचा भाग त्यात आहेच, पण बाई मेल्यावरही तिची तिथी नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून ठरते, हे मला खटकते. तरी त्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावे घेतात, आईच्या माहेरच्यांचीही घेतात. गयेला मातृषोडशी करतात. आईने गर्भात वाढवताना आणि पुढे सांभाळताना सोसलेले एकेक कष्ट आठवून १६ पिंड देतात. आणि ज्या विष्णुपदावर गयेत पिंड देतात, ते आजचे मंदिर १७८७ मध्ये बांधले अहिल्याबाई होळकरांनी, एका विधवेने. पुढे १८९० मध्ये जोतीराव फुले गेले तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. मुलगाच लागतो, हे बायांनी आधीपासूनच मुकाट्याने ऐकून घेतलेले नाही.

म्हणून 'ते मिथ्यात्व' म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. शेजारणीने प्रसादाची वाटी आणली तर घ्यायची की नाही हे ज्याच्या-त्याच्या नेमावर आहे, पण तिच्या सासऱ्यांची तिथी आहे हे लक्षात ठेवून दोन शब्द बोलायला कोणता नेम मोडतो? अक्षय्य तृतीयेचेच बघा ना. विदर्भ-खानदेशात त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याचा घट भरतात. आपण त्याच दिवशी राजा श्रेयांसाने ऋषभदेवांना दिलेला उसाचा रस आठवतो. ते गेलेल्याची तहान आठवतात, आपण समोर उभ्या असलेल्याची भूक. दिवस एक, आणि दोन्हीकडे हात देण्यासाठीच पुढे होतो.

पण एक गोष्ट आपण त्यांच्याकडून शिकावी असे मला मनापासून वाटते. श्राद्ध करणाऱ्या घरात तीन पिढ्यांची नावे तोंडपाठ असावी लागतात. आपल्या घरी विचारून बघा. पणजोबांचे नाव दुकानाच्या जुन्या वहीत तरी सापडेल, पण पणजीचे? लग्नात माहेरचे नाव गेले, सासरी 'अमक्याची आई' झाली, आणि मेल्यावर तेही पुसले. श्राद्ध नाकारताना आपल्या पूर्वजांनी स्मरण नाकारले नव्हते, पण आपल्या हातून दोन्ही सुटत चालले आहे.

म्हणून माझी साधी सूचना अशी. क्षमावाणीच्या दिवशी घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ बसावे आणि तिच्या आईचे, आजीचे, सासूचे, आजेसासूचे माहेरचे नाव, गाव, काय येत होते, काय सोसले, ते वहीत उतरवून घ्यावे. त्यांच्या नावाने एखाद्या मुलीची फी भरावी किंवा औषध द्यावे. पुण्य त्यांना पोचणार नाही, हे आपण जाणतोच. ते करणारीचेच. पण ज्यांच्याकडून क्षमा मागायची राहून गेली, त्यांचे नाव तरी आपल्याला ठाऊक असावे.