अवसाद, पुनरावर्ती : ताण व शोथ

दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, उत्साहाचा लोप, निद्रा व क्षुधा यांतील बिघाड, अपराधभावना आणि आत्मघाताचे विचार ही अवसादाची प्रमुख लक्षणे होत. असा झटका ओसरल्यानंतर पुन्हापुन्हा उद्‌भवत असल्यास त्यास पुनरावर्ती अवसाद म्हणतात. एक झटका येऊन गेलेल्यांपैकी निदान निम्म्या रुग्णांना तो पुन्हा येतो आणि प्रत्येक झटक्यागणिक पुढील झटक्याचा धोका वाढतो. बऱ्या झालेल्या व्यक्तीत ही प्रवणता का उरते, या प्रश्नाच्या उत्तराचा शोध प्रथम मनोव्यापारांत, नंतर अंतःस्रावी ग्रंथींत व अखेरीस रोगप्रतिकारक यंत्रणेत घेतला गेला.

जर्मन मनोविकारवैज्ञानिक एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) याने वर्णिलेल्या एका स्त्रीला पहिला झटका पतीच्या, दुसरा कुत्र्याच्या व तिसरा पाळीव कबुतराच्या मृत्यूनंतर आला. आघात उत्तरोत्तर लहान होत गेला, आजार मात्र तोच राहिला. अमेरिकन मनोविकारवैज्ञानिक रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये याच निरीक्षणाला जैव आधार सुचविला : प्रत्येक झटका मेंदूत आपला ठसा ठेवून जातो, त्यामुळे पुढचा झटका येण्यास अल्प ताणही पुरेसा होतो.

ताणाच्या शारीरिक परिणामांचा पद्धतशीर अभ्यास हान्स सेल्ये (१९०७–८२) यांच्या १९३६ मधील लेखापासून सुरू झाला. निरनिराळ्या अपायकारक कारणांनी उंदरांत सारखेच बदल होतात, असे त्यांना आढळले. ताणाच्या प्रसंगी अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्या द्वारे अधिवृक्क ग्रंथी उद्दीपित होऊन कॉर्टिसॉल स्रवते. याच वर्गातील कॉर्टिसोनाने संधिवातातील शोथ (दाहयुक्त सूज) कमी होतो, हे १९४८ मध्ये दिसून आले व त्या संशोधनास १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि अनेक अवसादग्रस्तांत कॉर्टिसॉल व शोथदर्शक द्रव्ये ही दोन्ही वाढलेली आढळतात. दीर्घ ताणामुळे प्रतिकारक पेशी कॉर्टिसॉलच्या नियंत्रणाला दाद देईनाशा होतात, असे या विसंगतीचे स्पष्टीकरण दिले जाते.

शोथ व मनःस्थिती यांच्या संबंधाचा ठळक पुरावा एका औषधाने पुरविला. कर्करोगावर इंटरफेरॉन-आल्फा दिलेल्या अनेक रुग्णांना अवसाद होई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४० रुग्णांच्या चाचणीत पॅरॉक्सेटीन हे अवसादरोधी औषध आधीपासून दिलेल्यांपैकी ११ टक्के, तर न दिलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांना अवसाद झाला. बालपणी आघात सोसलेल्या अवसादग्रस्त पुरुषांत तोंडी परीक्षेसारख्या ताणानंतर इंटरल्यूकीन-६ अधिक वाढते, असे २००६ मध्ये आढळले. न्यूझीलंडमधील डनीडिन येथील दीर्घ पाहणीतही बालपणी छळ सोसलेल्यांच्या रक्तात ३२ व्या वर्षी शोथदर्शक द्रव्ये अधिक दिसली (२००७).

परंतु शोथ हे अवसादाचे सार्वत्रिक कारण नव्हे. सु. एक-चतुर्थांश रुग्णांतच तो स्पष्ट आढळतो. शिवाय स्थूलता, धूम्रपान व इतर शारीरिक आजार यांमुळेही तो वाढतो. इन्‌फ्लिक्सिमॅब या शोथरोधी औषधाची २०१३ मधील चाचणी ६० रुग्णांच्या समूहात एकंदरीत निष्फळ ठरली. ज्यांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रथिन अधिक होते, त्यांनाच लाभाची चिन्हे दिसली.

म्हणून पुनरावृत्ती टाळण्यासाठी अवसादरोधी औषधे वैद्यकीय सल्ल्याने पुरेसा काळ चालू ठेवणे आणि मानसोपचार, हेच मुख्य मार्ग होत. सजगतेवर आधारित बोधात्मक उपचारपद्धतीच्या १४५ बऱ्या झालेल्या रुग्णांवरील चाचणीत (२०००) तीन वा अधिक झटके येऊन गेलेल्यांत पुनरावृत्ती लक्षणीय प्रमाणात घटली. नियमित झोप व व्यायाम यांचाही उपयोग होतो. झटका परत येणे हे इच्छाशक्तीच्या दुर्बलतेचे लक्षण नाही, ही या संशोधनाची रुग्ण व कुटुंबीय या दोहोंच्या दृष्टीने महत्त्वाची फलश्रुती होय. लहानशा आघातानेही जुना आजार जागा होऊ शकतो, हे ध्यानी घेऊन प्रारंभिक लक्षणे दिसताच उपचार सुरू करणे इष्ट ठरते.